आजोबांच्या बह्या, सिस्टर राणी मारिया आणि कॅनडातली माफी: इंदूरकरांशी बोलायचंय

रामबागवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचून राहिले होते, आज लिहितेय. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

माझी भाची एडमंटनला असते. तीस सप्टेंबरला तिच्या मुलाचा फोटो आला, सात वर्षांचा आहे, अंगात नारिंगी टी-शर्ट. मला वाटलं शाळेत मॅच-बिच असेल. ती म्हणाली मावशी, आज इथे सगळी पोरं नारिंगी घालतात. मग तिने फोनवर सांगितलं की फिलिस वेब्स्टाड नावाची एक आदिवासी बाई आहे तिकडची, १९७३ मध्ये ती सहा वर्षांची होती, आजीने तिला शाळेसाठी नवा नारिंगी शर्ट घेऊन दिला होता, आणि मिशनच्या निवासी शाळेत पहिल्याच दिवशी तो अंगावरून काढून घेतला तो परत दिलाच नाही. त्या एका शर्टावरून हा दिवस सुरू झाला. साधारण दीड लाख मुलं अशा शाळांत नेली गेली, शंभर वर्षांहून जास्त काळ हे चाललं, पैसा सरकारचा आणि शाळा चालवायला चर्च, त्यातल्या निम्म्याहून जास्त कॅथलिक संस्थांच्या. केस कापायचे, घरची भाषा बोलली की मार. चार हजारांवर मुलं तिथे दगावली त्याची नोंद आहे, नोंद नसलेली वेगळी.

पोप फ्रान्सिस २५ जुलै २०२२ ला तिथे अल्बर्टातल्या मास्कवासीसला गेले आणि माफी मागितली. भाची म्हणे टीव्हीवर बघताना तिच्या शेजारची म्हातारी उठून आत निघून गेली, म्हणाली मला नाही ऐकायचं.

हे ऐकलं आणि मला आपल्या इंदूरचं आठवलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला सिस्टर राणी मारियांना इथे 'धन्य' जाहीर केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, रोमहून कार्डिनल अमातो आले होते. मी गेले होते. शाळेत माझ्याबरोबर शिकवणारी केरळची मैत्रीण घेऊन गेली, नाहीतर मला काय माहीत असणार. सिस्टर १९९२ पासून उदयनगरला होत्या, देवास जिल्ह्यात, तिथल्या आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवायचं, बचत शिकवायची, सरकारी योजनांचे कागद करून द्यायचे, हे काम. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला यायला बसमध्ये बसल्या आणि नाचनबोरच्या घाटात त्यांना बसमध्येच चाकूने मारलं. मारणाऱ्या तरुणाने पुढे स्वतःच सांगितलं की गावच्या बड्या लोकांनी भरीला घातलं होतं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्याला आता जगू दे. २००२ मध्ये सिस्टरांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, जेलमध्ये गेली आणि त्याला राखी बांधली. पुढे आईसुद्धा भेटली, त्याच्या हातांचे मुके घेतले. त्याला सोडावं म्हणून घरच्यांनीच अर्ज केला, २००६ मध्ये तो सुटला. २०१७ ला मैदानात तोही होता. मैत्रिणीने लांबून दाखवला. मला त्याच्याकडे बघवेना आणि नजरही हलेना.

आता मूळ मुद्दा. यंदा पावसाळ्यात आमच्या रामबागच्या घराचं छत काढलं, माळ्यावरून पत्र्याची पेटी निघाली. आत सात बह्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, लाल कापडात बांधलेल्या. माझे आजोबा बागली-कन्नोदकडच्या एका कसब्यात सावकाराचे मुनीम होते. घरात आम्ही नेहमी ऐकलं की आजोबा दिवाणजी, फार सरळ माणूस, कुणाचा छदाम खाल्ला नाही. बह्या उघडल्या तर पानापानावर अंगठे. निळी-काळी शाई, काही ठिकाणी अंगठा घसरून शाई पसरलेली. नावाखाली जात लिहिलेली, भील, भिलाला, कोरकू. ज्वारी दिढीने, म्हणजे एक नेली की दीड परत. चांदीची हांसली, गळ्यातलं कडं, रहन म्हणजे गहाण. कडे दोन, रहन. एका बाईच्या नावावर सलग पाच वर्षं तीच हांसली आहे, ती कधी सुटलीच नाही.

मी तीन दिवस झोपले नाही नीट. राणी मारिया ज्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या त्यांच्या गादीवर बसून माझ्या आजोबांनी हिशेब लिहिला, तीसेक वर्षं आधी का होईना. मला विचारायचंय की चर्चने एवढा विचार केलाय माफी आणि न्यायाचा, त्यात नक्की काय म्हटलंय? आणि माझ्यासारखीने काय करावं? पेटी परत माळ्यावर ठेवणं मला जमणार नाही.

वसईकर

ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून सकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लक्ष लागलं नाही. मी कॅथलिक आहे, घरात कादोडी, आमची वसईची बोली, बोलतो, धर्मशिक्षण लहानपणापासून. जेवढं नीट माहीत आहे तेवढं सांगतो.

आमच्याकडे पापनिवेदन असतं, बाहेरच्यांना वाटतं फादरच्या कानात सांगितलं की सुटलो. तसं नाहीये. पश्चात्ताप, कबुली, आणि त्यानंतर भरपाई, हे तिन्ही लागतं. चोरलेलं असेल तर परत कर, कुणाची बदनामी केली असशील तर ती निस्तर, इजा केली असशील तर भरून दे, आणि एवढं करणं म्हणजे काही पुण्य नव्हे, हा साधा न्याय आहे असं आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच आहे. शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार येतो, ठेंगणा म्हणून झाडावर चढून येशूला बघतो तो. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. त्यावर जक्कय काय म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. आणि त्याच्यानंतर येशू म्हणतो की आज या घराला तारण झालं. हा क्रम मी लहानपणी नुसता पाठ केला होता, अर्थ फार उशिरा कळला.

समाजाच्या पातळीवर पोप लोकांची पत्रं आहेत. १८९१ मध्ये तेराव्या लिओंनी कामगारांवर लिहिलं तिथून ही परंपरा धरतात. १९६७ मध्ये सहाव्या पॉलनी गरीब देशांवर लिहिलं, त्यात संत अँब्रोजचं वाक्य घेतलंय, की तू गरिबाला देतोस ते तुझं देत नाहीस, त्याचंच त्याला परत करतोस. १९८६ ला जॉन पॉल दुसरे ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जला तिथल्या मूळ लोकांपुढे बोलले. आणि २०१५ च्या पत्रात फ्रान्सिस म्हणतात की आदिवासींना जमीन ही विकायची वस्तू नाही, देवाने आणि तिथे निजलेल्या पूर्वजांनी दिलेली देणगी आहे, आणि त्यांच्या भूमीवर काही मोठं करायचं असेल तर बोलणीत त्यांचा मान पहिला. त्याच वर्षी बोलिव्हियात जाऊन त्यांनी अमेरिका खंड जिंकताना देवाच्या नावाने झालेल्या गुन्ह्यांची माफी मागितली.

हे सगळं कागदावर फार सुंदर आहे. आणि त्याच चर्चने १४५५ आणि १४९३ मध्ये पोर्तुगाल-स्पेनच्या राजांना दुसऱ्यांची भूमी घ्यायचे कागद दिले. मला ते लपवायचं नाही. १५३७ मध्ये तिसऱ्या पॉलनी उलट लिहिलं की या लोकांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही, पण तोवर जहाजं लागली होती आणि नंतरही कुणी फारसं ऐकलं नाही.

सुदामानगर_चा

ताई तुमच्या भावनेचा आदर आहे, पण एक बाजू सुटून राहिली आहे म्हणून लिहितो.

आपल्याच मध्यप्रदेशात १९५६ मध्ये नियोगी समितीचा अहवाल आला होता, अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश, त्यांनी गावोगाव फिरून जबान्या घेतल्या, की शाळा आणि दवाखान्याच्या आडून धर्मांतर होतं, कर्ज देऊन होतं. १९६८ चा धर्मांतराबाबतचा कायदा त्यानंतरचा. आणि कॅनडात तुम्हीच सांगताय तेच झालं नं, पोरं उचलून नेली, देव बदलला, भाषा तोडली. मग इथे मिशनचं काम झालं ते सगळं निर्मळ असं कसं धरायचं? माझ्या वडिलांनी झाबुआत बावीस वर्षं नोकरी केली, ते सांगायचे की गावात दोन पाट्या पडल्या, मामा एकीकडे भाचा एकीकडे, लग्नाला जाणं बंद. ही पण इजाच आहे. याची माफी कोण मागणार.

राणी मारियांच्या हत्येबद्दल मात्र माझ्या मनात काही दुमत नाही. ते वाईटच होतं.

वसईकर

सुदामानगर दादा, तुमचं पहिलं म्हणणं मी खोडत नाही. मिशन आणि सरकारी सत्ता एक झाली की काय होतं त्याचा दाखला कॅनडा आहे, आणि तो दाखला आम्ही कॅथलिकांनी सगळ्यात आधी वाचायला हवा.

पण एक सांगतो. छोटानागपूरला, आताच्या झारखंडात, १८८५ च्या सुमारास कॉन्स्टंट लिव्हन्स नावाचा बेल्जियन जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा फादर, आला. मुंडा-उरांव लोक जमीनदाराच्या खटल्यांनी पिचले होते, कोर्टात त्यांची बाजू कुणाला कळतच नव्हती, कारण जमिनीची त्यांची पद्धत कायद्यात नव्हतीच. लिव्हन्सनी आधी ती पद्धत शिकून घेतली, कायदा शिकले आणि खटले लढवायला मदत केली. पुढे हॉफमन नावाच्या दुसऱ्या जेझुइटने मुंडांची भाषा आणि जमिनीचे नियम वर्षानुवर्षं लिहून काढले, आणि १९०८ चा छोटानागपूर टेनन्सी अ‍ॅक्ट झाला त्याच्या मसुद्यात त्यांचा हात आहे. आदिवासीची जमीन बाहेरच्याला जाऊ नये हे त्यात आलं. मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले तेही त्याच काळात, खरं आहे. आणि बिरसा मुंडा स्वतः मिशनच्या शाळेत शिकून मिशनवर चिडून बाहेर पडले, उलगुलानमध्ये, म्हणजे त्यांच्या उठावात, मिशनांवर बाण चालले, हेही खरं आहे. बिरसांचं बंड झालं नसतं तर नुसत्या फादरांच्या लिहिण्याने इंग्रज हलले असते असं मला वाटत नाही.

प्रेअरीवरून

मी अल्बर्टात अठरा वर्षं आहे, मूळची ग्वाल्हेरची, तिथल्या लष्कर भागातली. मास्कवासीसला त्या दिवशी मी गेले नव्हते पण लाइव्ह सगळं बघितलं, ऑफिसला सुट्टी टाकून.

दोन गोष्टी मनातून जात नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये आदिवासींचं शिष्टमंडळ रोमला गेलं होतं तेव्हा एका स्त्री चीफने पोपना लहान मुलांच्या मोकॅसिनचे दोन जोड दिले होते, मोकॅसिन म्हणजे कातड्याचे मऊ जोडे, आणि सांगितलं होतं की हे घेऊन आमच्याकडे या आणि परत करा. पोप व्हीलचेअरवर आले आणि खरंच ते जोड त्यांनी परत आणले. दुसरी गोष्ट म्हणजे तो लाल कापडाचा पट्टा, एवढा लांब की तो धरायला कितीतरी माणसं लागली, त्यावर वारलेल्या मुलांची नावं. पोपनी त्याला ओठ लावले. आणि मग एक बाई उभी राहिली, कुणी बोलावलं नव्हतं, आणि क्री या तिथल्या आदिवासींच्या भाषेत गायला लागली, गालावरून पाणी वाहतंय आणि मूठ आवळलेली. चाल कॅनडाच्या राष्ट्रगीताची वाटत होती, आणि तिला माफी पटलेली नव्हती हे भाषा न कळताही कळलं.

आता हिशेबाचं. निवासी शाळांच्या २००६ च्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे भरपाईच्या करारात, कॅथलिक संस्थांनी लोकांकडून २.५ कोटी डॉलर जमवायचा प्रयत्न करू म्हणून कबूल केलं होतं, जमले ४० लाखांच्याही आत. त्याच काळात मोठमोठी चर्च बांधली गेली, लोकांनी ते लक्षात ठेवलं. सत्यशोधन आयोग २००८ ते २०१५ बसला, ९४ मागण्या केल्या, त्यातली ५८ वी अशी की पोपनी एका वर्षात इथे येऊन माफी मागावी. लागली सात वर्षं. मध्ये २०२१ मध्ये कॅमलूप्सला रडारने जमिनीखाली दोनशेच्या आसपास संशयित थडग्यांच्या खुणा दिसल्या, तिथे खोदकाम झालेलं नाही म्हणून मी 'संशयित'च म्हणते, पण त्या बातमीनंतर बिशपांनी माफी मागितली आणि ३ कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. पोपच्या दौऱ्यात क्वेबेकला मिस्साच्या वेळी लोकांनी बॅनर धरलं, ते पंधराव्या शतकाचे कागद रद्द करा म्हणून. ३० मार्च २०२३ ला व्हॅटिकनने सांगितलं की त्या कागदांवर उभा असलेला 'शोधाचा सिद्धांत', म्हणजे भूमी ज्याने शोधली त्याची, आम्ही नाकारतो. कागद मात्र औपचारिकपणे रद्द केले नाहीत, म्हणाले ती चर्चची शिकवण कधी नव्हतीच. माझ्याबरोबर काम करणारी क्री मुलगी म्हणाली, माझी आजी ज्या कागदावर बेघर झाली तो कधी खरा नव्हता हे ऐकून तिला काय वाटावं.

रामबागताई, तुमच्या भाचीच्या शेजारच्या आजी उठून गेल्या त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

मोडी_वाचक

बाकी चर्चेतलं मला कळत नाही. बह्या कोणत्या लिपीत आहेत? एखाद्या पानाचा फोटो टाकता का?

रामबागवाली

मुख्य लिखाण देवनागरीत आहे, मालवी-हिंदी. पण काही पानांच्या डाव्या कडेला बारीक अक्षरात मोडी आहे, आजोबांचंच अक्षर, मला वाचता येत नाही. नाव आणि गाव कागदाने झाकून फोटो टाकतेय, कारण ती नावं माझी नाहीत. वर साल आहे, संवत २०१८.

मोडी_वाचक

ताई, तीनदा वाचलं, मोठं करून, मग माझ्या गुरुजींनाही पाठवलं. कडेला आहे: मुद्दल फिटली.

दुसऱ्या फोटोत: मुद्दल फिटली, याजकडे येणे नाही.

आणि त्याच पानावर देवनागरीत पुढच्या साली तेच खातं बाकी म्हणून ओढलेलं आहे. शेठला मोडी येत नसावी.

रामबागवाली

सकाळी वाचलं. आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत, आत्ता हात चालतोय.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी दिवसभर बसून सातही बह्यांची पानं बघितली, ती अक्षरं आता मला ओळखू येतात. चौतीस पानांवर आहेत. चौतीस माणसं, ज्यांचं देणं फिटलं होतं, आणि आजोबांनी ते शेठला कळणार नाही अशा लिपीत कडेला लिहिलं आणि तोंडातून काढलं नाही. हांसलीवाल्या बाईच्या पानावर पण आहे, दुसऱ्याच वर्षी.

माझ्या मनात आधी आलं की बघा, आजोबा चांगलेच होते, त्यांना वाईट वाटत होतं. मग आलं की बाईला काय उपयोग त्यांच्या वाईट वाटण्याचा. तिने तर पुढची तीन वर्षं दिढीची ज्वारी भरली. आणि आजोबांच्या पगारातून माझ्या वडिलांची होळकर कॉलेजची फी गेली, वडिलांमुळे मी शिकले. हे सगळं एका धाग्यात आहे, आणि तो मला सोडवून वेगळा करता येत नाहीये.

वसईकर, तुम्ही लिहिलंत पश्चात्ताप, कबुली, भरपाई. आजोबांचं पहिलंच झालं. दुसरंही अर्धंच, मोडीत.

धडगावचा

मी नंदुरबार जिल्ह्यातला, पावरा आदिवासी, इंदूरला कंपनीत आहे सहा वर्षं. हा धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय. लिहिणार नव्हतो. इथे सगळे आमच्याबद्दल बोलतात, आमच्याशी कुणी बोलत नाही, आणि कॅनडावरचं सगळं वाचताना मला तेच वाटत होतं.

सुदामानगर सरांनी विचारलं मिशनची माफी कोण मागणार. चांगला प्रश्न आहे. पण आमच्या गावात शाळा आली ती आश्रमशाळा, सरकारी. तिथे पावरी बोललो की मास्तर छडी मारायचे, मराठीत बोल म्हणायचे. म्हणून मी आज एवढं चांगलं मराठी लिहितो. ती माफी पण लिहून ठेवा.

समेट समेट तुम्ही म्हणताय. समेट भांडण झालेल्या दोघांत होतो. आमच्या आजाचं सावकाराशी भांडण नव्हतं. तो त्याला शेठजी म्हणून पाया पडायचा.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. भारत सरकारने कायद्यात लिहून दिलेली कबुली आहे ही. आणि त्याच कायद्याखाली आमचे दावे नामंजूर झाले, १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने नामंजूर झालेल्यांना काढा म्हणून सांगितलं, पंधरा दिवसांनी तोच आदेश थांबवला. त्या पंधरा दिवसांत माझी आई रोज फोन करायची. धडगाव-अक्कलकुव्याची किती गावं सरदार सरोवरात गेली ते तर तुम्हाला माहीतच आहे.

सिस्टरच्या बहिणीने राखी बांधली ते तिचं मोठेपण. तिची बहीण होती, माफ करायचा हक्क तिचा होता. पण ज्यांनी त्या पोराला भरीला घातलं त्यांना माफ करायचा हक्क उदयनगरच्या लोकांचा, आणि त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

मावशी, तुम्ही नावं झाकली ते बघितलं. म्हणून लिहिलं.

वसईकर

भाऊ, हे लिहिलंत त्याबद्दल हात जोडतो. तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर फ्रान्सिस यांच्याच २०२० च्या पत्रात आहे, की जुलूम करणाऱ्यावर प्रेम करा याचा अर्थ त्याला जुलूम करू द्या असा नाही, आणि माफ करणारा आपला हक्क सोडत नाही, उलट तो मागणं हे त्याचं कर्तव्य आहे. पण ते पत्र तुम्हाला दाखवून मी काय करणार. तुम्हाला ते आधीच माहीत आहे.

किबे_कंपाउंड

वकील आहे, महसूल बाजू बघतो, तेवढंच बोलतो.

संवत २०१८ म्हणजे १९६१-६२. हे महत्त्वाचं आहे. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ ची, तिच्यात कलम १७०-ख आहे, १९८० च्या दुरुस्तीने आलं. त्याचा गाभा असा: २ ऑक्टोबर १९५९ पासून ती दुरुस्ती लागू होईपर्यंतच्या काळात आदिवासीची शेतजमीन ज्या बिगर-आदिवासीकडे आली, त्याने ठरलेल्या मुदतीत एसडीओला, म्हणजे उपविभागीय महसूल अधिकाऱ्याला, कळवायचं होतं की ही माझ्याकडे कशी आली. कळवलं नसेल तर ताबा बेकायदा धरायचा. कळवलं असेल तर एसडीओने चौकशी करायची, फसवणूक दिसली तर जमीन मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसाला परत. म्हणजे सिद्ध करायचं ओझं आदिवासीवर नाही, जमीन घेणाऱ्यावर आहे. फार थोडे लोक हे जाणतात, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना तर कुणी सांगतच नाही. व्यवहारात अशी प्रकरणं वर्षानुवर्षं अपिलात फिरतात, जमीन चार हात पुढे गेलेली असते, खोटी आशा देऊ नका कुणाला.

पण ताई, बह्यांत नुसतं धान्य आणि चांदी आहे की जमिनीच्या नोंदी पण आहेत? 'खेत रहन' असं कुठे दिसतं का? दिसत असेल तर मूळ बही कुणालाही देऊ नका, म्युझियमला नाही, संशोधकाला नाही. प्रत्येक पान स्कॅन करा, मोडीचं वाचन वाचणाऱ्याच्या सहीने करून घ्या.

रामबागवाली

दिसतं. नऊ ठिकाणी. 'खेत बीघा ४ रहन', असं. त्यातल्या सहांवर कडेला ती अक्षरं आहेत.

सुदामानगर_चा

ताई, मी माझं म्हणणं मागे घेत नाही, पण नऊ नोंदी वाचल्यावर माझ्या वादाला इथे जागा नाही असं वाटलं. माझा ऑफिसचा स्कॅनर आहे, मोठ्या आकाराची बही मावेल असा, पाठीला ताण न देता. रविवारी घेऊन येतो रामबागला. सातही होतील.

आणि वडिलांच्या झाबुआच्या डायऱ्या मी कधी नीट वाचल्या नाहीत. काढतो.

प्रेअरीवरून

धडगावभाऊ, तुमची छडीची गोष्ट मी त्या क्री मैत्रिणीला इंग्रजीत करून सांगितली, नाव-गाव न सांगता. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं की आता त्याच्या मुलांना ती भाषा येते का.

धडगावचा

मोठीला येते. धाकटा फक्त समजतो. यंदा दिवाळीत दोघांना आईकडे महिनाभर ठेवणार आहे.

मावशी, माझ्या शिफ्टमध्ये एक भिलाला पोरगा आहे, तुमच्या बह्यांच्या बाजूचाच. त्याच्या काकांशी फोनवर बोललो. मी विचारलं कागद जाळायचे का, आमच्याकडे म्हणतात टंट्या मामाने, इंग्रजांशी लढलेल्या भिल्ल बंडखोराने, बह्या जाळल्या म्हणून तो देव झाला, इंदूरजवळ पाताळपाणीला अजून लोक त्याच्या समाधीला नारळ फोडतात. काका म्हणाले जाळू नका. तेव्हा बही जाळली की कर्ज जळायचं. आता बही जाळली की आमचं खेत कुठे होतं त्याची खूण जळेल. म्हणाले बाईला घेऊन ये, नावं वाचून दाखवू दे, ज्याचं घर असेल तो उठेल.

माफी वगैरे मागायची का ते मी विचारलं नाही. ते त्यांनी ठरवायचं.

रामबागवाली

माझ्या थोरल्या भावाला सांगितलं. तो फार चिडला, आजोबांचं नाव काढतेस चव्हाट्यावर म्हणाला. मी त्याला चौतीस पानं दाखवली. तो पान उलटत गेला आणि मग म्हणाला आई लहानपणी एक चांदीची हांसली घालायची सणाला, तुला आठवते? मला आठवत नव्हती. आता आठवते. ती कुठून आली ते आम्हाला माहीत नाही, आणि आज ती कुणाकडे आहे तेही शोधावं लागेल, बहुतेक धाकट्या काकूंकडे. ती त्या बाईचीच असेल असं मी म्हणत नाही. पण आजोबांच्या पगारात चांदी घेणं बसत नव्हतं एवढं मला हिशेबावरून कळतं.

काकूंकडे उद्या जातेय.

स्कॅन झाल्या, सुदामानगर दादा आणि त्यांच्या मिसेस दोघं आले होते, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, पोहे सोडून काही खाल्लं नाही त्यांनी. वकीलसाहेबांनी कागदाचा मसुदा पाठवलाय. मोडीवाल्यांनी सहीचं वाचन पोस्टाने पाठवलं, सगळ्या चौतीस पानांचं.

पुढच्या शनिवारी जातेय. नवलख्यावरून सकाळची बस आहे, धडगावचे भाऊ आणि तो पोरगा सोबत. मूळ बह्या घेऊन जाणार नाही, वकील नको म्हणाले, रंगीत छापील प्रती नेतेय, गावासाठी एक संच तिथेच ठेवणार. माझं मराठी वळणाचं हिंदी त्यांना कळेल का याची धास्ती आहे, म्हणून रोज संध्याकाळी गच्चीत नावं मोठ्याने वाचून बघतेय. काही नावं नीट उच्चारता येत नाहीत. भाऊ, तुम्ही फोनवर एकदा म्हणवून घ्याल का माझ्याकडून?

धडगावचा

हो मावशी, रात्री नऊनंतर करतो. पाण्याची बाटली घ्या सोबत. आणि तिथे खाली बसायचं असतं, तुमच्या गुडघ्याचं बघा, एखादी घोंगडी घेतो मी.